स्वतःहून नोकरी सोडल्यास बेरोजगारी भत्त्याचा हक्क उरतो का?

रानवारा :

नोकरीवरून काढलेल्या माणसाला बेरोजगारी भत्ता मिळतो आणि स्वतः राजीनामा देणाऱ्याला तो मिळत नाही, अशी ढोबळ समजूत जवळजवळ सर्वत्र आढळते. ती अगदीच निराधार नाही, परंतु तिच्यावर विसंबून माणसे दोन प्रकारे स्वतःचे नुकसान करून घेतात. काहीजण छळ, थकलेला पगार किंवा आजारपण यांमुळे नाइलाजाने नोकरी सोडतात आणि राजीनामा आपणच दिला म्हणजे हक्कही संपला, असे गृहीत धरून अर्जच करत नाहीत. दुसऱ्या काहीजणांना वरिष्ठ सांगतात की काढून टाकल्याची नोंद राहायला नको, तुम्हीच राजीनामा द्या, पुढच्या नोकरीसाठी ते बरे पडेल. आणि ते त्याच बैठकीत सही करून देतात. पुढे भत्त्याच्या कार्यालयात हीच सही त्यांच्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरते. निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या सभासदांनी आपापल्या ठिकाणचे नियम येथे मांडले, तर राजीनाम्याचा विचार करणाऱ्या कोणालाही सही करण्याआधी ते वाचता येतील, या हेतूने हा धागा सुरू करत आहे.

हा भत्ता बहुतेक देशांत विम्याच्या तत्त्वावर उभा आहे. नोकरी चालू असताना मालक, कामगार किंवा दोघेही वर्गणी भरतात आणि नोकरी गेल्यावर त्या निधीतून ठरावीक काळ पैसे मिळतात. विमा ज्या आपत्तीसाठी घेतला ती विमेदाराने स्वतः ओढवून घेतलेली नसावी, ही अट सगळ्याच विम्यांना असते आणि ती येथेही आहे. ब्रिटनच्या १९११ सालच्या राष्ट्रीय विमा कायद्याने मोजक्या उद्योगांतील कामगारांसाठी सक्तीचा बेकारी विमा आणला. आठवड्याला ७ शिलिंग आणि वर्षभरात जास्तीत जास्त १५ आठवडे, असे त्याचे स्वरूप होते. आणि योग्य कारणाशिवाय स्वेच्छेने काम सोडणाऱ्याला सहा आठवडे भत्ता मिळणार नाही, ही तरतूदही त्याच कायद्यात होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या आणि १९८८ सालच्या १६८ क्रमांकाच्या करारांनी भत्ता नाकारण्याची किंवा थांबवण्याची मुभा दिली आहे तीही याच अटीवर, की कामगाराने योग्य कारण नसताना स्वेच्छेने नोकरी सोडलेली असावी. म्हणजे नुसता राजीनामा हे अपात्रतेचे कारण कधीच नव्हते. राजीनाम्यामागे योग्य कारण नसणे हाच अपात्रतेचा खरा आधार आहे, आणि सगळा वाद त्या कारणाभोवती फिरतो.

अर्ज तपासणारा अधिकारी आधी ठरावीक काळात पुरेशी वर्गणी भरली गेली आहे का ते पाहतो. त्यानंतर नोकरी कोणी आणि का संपवली हे विचारतो. आज अर्जदार काम करण्यास समर्थ आहे का, उपलब्ध आहे का आणि काम शोधत आहे का, हेही तो तपासतो. परंतु राजीनाम्याच्या प्रकरणांत एक प्रश्न असा असतो की ज्याची तयारी बहुतेकांनी केलेली नसते, आणि तो म्हणजे नोकरी सोडण्याआधी ती टिकवण्यासाठी तुम्ही काय केलेत. तक्रार लेखी दिली होती का? दुसऱ्या विभागात बदली मागितली होती का? रजा किंवा वेगळी वेळ मागून पाहिली होती का? कारण कितीही खरे असले, तरी या प्रश्नाला उत्तर नसेल तर अर्ज दुबळा पडतो. नोकरी सोडून झाल्यावर हे उत्तर तयार करता येत नाही, म्हणून हा सगळा विचार राजीनाम्याच्या आधी व्हायला हवा.

पानगळ :

अगदी वेळेवर हा विषय आला. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्या पतीची टेक्सासला बदली होत आहे. माझी सध्याची नोकरी मला सोडावी लागेल. कामाविषयी किंवा वरिष्ठांविषयी माझी काहीही तक्रार नाही, त्यामुळे माझे कारण निव्वळ घरगुती ठरेल, असे एका सहकाऱ्याने सांगितले. अशा परिस्थितीत अर्ज करण्यात अर्थ आहे का, हे कोणी सांगू शकेल का?

शिलालेख :

पानगळ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कोणत्या राज्यात राहायला जाणार आहात यावर अवलंबून नसून कोणत्या राज्यात काम करत होता यावर आहे. अमेरिकेत बेरोजगारी विम्याची चौकट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने घातली, परंतु पात्रतेचे नियम प्रत्येक राज्य स्वतः करते. तुमच्या नोकरीपोटी मालकाची वर्गणी कॅलिफोर्नियात जमा झाली असल्यामुळे तुमचा दावा कॅलिफोर्नियाकडेच जाईल आणि टेक्सासमध्ये राहूनही तो करता येईल. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जोडीदाराबरोबर स्थलांतर करावे लागणे आणि नव्या ठिकाणाहून जुन्या नोकरीवर ये-जा करणे अव्यवहार्य असणे, हे कॅलिफोर्नियात सबळ कारण मानले जाते. टेक्सासच्या कायद्यात मात्र कारण मुळात कामाशी संबंधित असावे लागते आणि त्याला मोजकेच अपवाद आहेत. म्हणजे हाच प्रसंग उलट दिशेने घडला असता, तर तुमची वाट फार बिकट झाली असती.

राज्याराज्यांतील हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. काही राज्ये सक्तीची म्हणता येतील अशी व्यक्तिगत कारणेही मान्य करतात. इतर अनेक राज्ये कारणाचा उगम मालकाच्या वागण्यात किंवा कामाच्या स्वरूपात असावा, असा आग्रह धरतात. हा आग्रह किती कठोर ठरू शकतो ते १९८७ च्या विम्बर्ली खटल्यात दिसते. मिसुरी राज्यातील एका महिलेने गरोदरपणासाठी रजा घेतली. परतल्यावर जागा मिळेलच अशी हमी त्या रजेत नव्हती, आणि ती परतली तेव्हा जागा शिल्लक नव्हती. राज्याने तिला भत्ता नाकारला, कारण तिने काम सोडण्याचे कारण तिच्या कामामुळे किंवा मालकामुळे निर्माण झालेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. गरोदरपणामुळे कोणाला वेगळी आणि वाईट वागणूक देऊ नये, एवढेच केंद्रीय कायदा सांगतो. गरोदर स्त्रियांना खास सवलत द्या असे तो सांगत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. कायद्याच्या अक्षराला धरून तो पटण्यासारखा असेलही, परंतु तो वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. बाळंतपण हे नोकरी सोडण्याचे व्यक्तिगत कारण आणि कारखान्याचे दार बंद होणे हे मात्र खरे कारण, ही विभागणी जगण्याच्या अनुभवाशी जुळत नाही.

दुसऱ्या बाजूला १९८१ चा थॉमस खटला आहे. इंडियाना राज्यातील हा कामगार ज्या विभागात होता तो बंद झाला आणि त्याला रणगाड्यांचे वरचे बुरूज बनवणाऱ्या विभागात पाठवण्यात आले. शस्त्रनिर्मिती त्याच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हती. दुसरे कोणतेही काम उपलब्ध नव्हते, म्हणून त्याने नोकरी सोडली. राज्याने हे व्यक्तिगत कारण ठरवून भत्ता नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. श्रद्धा किंवा भत्ता यांपैकी एकाची निवड करायला लावणे, हा धर्मस्वातंत्र्यावरचाच भार आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आता रोजच्या व्यवहारातल्या काही गोष्टी सांगतो. नोकरीवरून काढले असेल तर गैरवर्तन सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे मालकावर असते. स्वतः सोडली असेल तर सबळ कारण दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. सही करून घेण्याची घाई मालकाला का असते, ते यावरून कळावे. परंतु राजीनामा दिला नसता तर काढूनच टाकले असते, हे तुम्ही दाखवू शकलात, तर अनेक राज्ये अशा राजीनाम्याला काढून टाकणेच मानतात. त्या बैठकीत नेमके काय सांगितले गेले, कोण हजर होते आणि कोणता पर्याय ठेवला गेला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. शक्य असल्यास त्याचा उल्लेख करणारा ईमेल मालकाला पाठवावा, म्हणजे तारखेसह नोंद राहते.

सबळ कारण मान्य झाले नाही तर होणारे नुकसान तात्पुरते नसते. बहुतेक राज्यांत पुन्हा काम करून ठरावीक रक्कम कमावेपर्यंत हक्क परत येत नाही. कॅलिफोर्नियात ही रक्कम तुमच्या साप्ताहिक भत्त्याच्या पाचपट आहे. नकाराचे पत्र आले तर अपिलाची मुदत फार लहान असते. कॅलिफोर्नियात ती ३० दिवसांची आहे, तर टेक्सासमध्ये केवळ १४ दिवसांची. अपील चालू असतानाही दर आठवड्याची किंवा पंधरवड्याची हजेरी, म्हणजे आपण अजून बेकार असून काम शोधत आहोत असे कार्यालयाला कळवणारा अर्ज, भरत राहावी, कारण अपील जिंकले तरी पैसे त्याच आठवड्यांचे मिळतात ज्यांची हजेरी तुम्ही भरलेली असते. अपील जिंकूनही केवळ या कारणाने हातात काही न पडलेले लोक असतात, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

दूरदेशी :

कॅनडातील परिस्थिती सांगतो. येथे हा विमा केंद्रीय आहे, त्यामुळे प्रांताप्रमाणे पात्रतेची कारणे बदलत नाहीत. तुमच्या भागातील बेकारीच्या दरानुसार आधीच्या ५२ आठवड्यांत ४२० ते ७०० तास विमापात्र काम झालेले असावे लागते. भत्ता सरासरी कमाईच्या ५५ टक्के असतो, त्याला कमाल मर्यादा आहे, आणि तो १४ ते ४५ आठवडे मिळू शकतो. १९९३ पासून योग्य कारणाशिवाय नोकरी सोडणाऱ्याला यातले काहीही मिळत नाही.

येथील कायद्याची एक बाजू मला फार मोलाची वाटते. योग्य कारण म्हणजे काय, हे त्याने अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. लैंगिक किंवा अन्य छळ, भेदभाव, आरोग्याला धोका असलेली कामाची जागा, पगारात मोठा बदल, कामाच्या स्वरूपात मोठा बदल, जादा कामाचा अतिरेक किंवा त्याचा मोबदला न मिळणे, वरिष्ठांशी असे वैर ज्याला मुख्यतः आपण जबाबदार नाही, मालकाचे बेकायदा व्यवहार, नोकरी सोडण्यासाठी आणलेला अवाजवी दबाव, जोडीदाराबरोबर किंवा अवलंबून असलेल्या मुलाबरोबर स्थलांतर, लवकरच दुसरी नोकरी मिळण्याची वाजवी खात्री, अशी परिस्थिती कायद्यातच नमूद आहे. परंतु यादीत कारण बसले म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. सर्व परिस्थिती पाहता नोकरी सोडण्यावाचून वाजवी पर्याय उरला नव्हता, हे दाखवावेच लागते. रानवारा यांनी ज्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे, तो येथे कायद्याच्या अगदी गाभ्याशी आहे. वरिष्ठांशी बोलणे, संघटनेकडे जाणे, डॉक्टरांचा सल्ला घेणे, नोकरीत असतानाच दुसरे काम शोधणे, यांपैकी काय केले हे विचारले जाते.

फारशी कोणाला माहीत नसलेली एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. योग्य कारणाशिवाय एक नोकरी सोडून तुम्ही दुसरी धरली आणि थोड्या महिन्यांत ती कपातीत गेली, तर पात्रता मोजताना सोडलेल्या नोकरीतले आणि त्याआधीचे तास धरले जात नाहीत. नव्या नोकरीत पुरेसे तास झाले नसतील, तर कपात होऊनही भत्ता मिळत नाही. नोकरी बदलण्यासाठी राजीनामा देणाऱ्याने नव्या नोकरीचे लेखी नियुक्तिपत्र हाती आल्यावरच राजीनामा द्यावा, हे मी त्यामुळेच प्रत्येकाला सांगत असतो.

तळटीप :

सर्वांनी मेहनतीने माहिती दिली आहे, त्याबद्दल आभार. तरीही एक मूलभूत शंका विचारतो. जो कामगार अडचणी सोसून कामावर टिकून राहतो, त्याच्या वर्गणीतून कंटाळून नोकरी सोडणाऱ्याला पैसे का द्यावेत? नियम सैल केले तर लोक लहानसहान कारणांनी राजीनामे देतील आणि निधीवर ताण येईल, ही भीती मला अवाजवी वाटत नाही.

मध्यरेषा :

तळटीप, तुमची शंका रास्त आहे, आणि जर्मनीने तिला दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. येथे योग्य कारण नसताना राजीनामा देणाऱ्याचा हक्क रद्द होत नाही, पुढे ढकलला जातो. मागील ३० महिन्यांत किमान १२ महिने विमापात्र नोकरी झालेल्या व्यक्तीला निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के भत्ता मिळतो. महत्त्वाच्या कारणाशिवाय नोकरी सोडली तर साधारणपणे १२ आठवडे तो बंद राहतो, आणि शिवाय भत्त्याचा एकूण कालावधी किमान एक चतुर्थांशाने कमी होतो. ही शिक्षा लहान नाही. लहानसहान कारणाने नोकरी सोडणारा माणूस तीन महिने उत्पन्नाशिवाय काढायला धजत नाही. पण त्यानंतरही काम मिळाले नाही, तर वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या त्या माणसाला विमा पूर्णपणे नाकारला जात नाही.

जर्मनीत लोकांचे पाय जेथे घसरतात, ती जागा परस्पर संमतीने नोकरी संपवण्याच्या कराराची आहे. कंपनी नुकसानभरपाईची रक्कम देऊ करते, वातावरण सौजन्याचे असते, आणि कर्मचाऱ्याला वाटते की आपण राजीनामा थोडाच दिला आहे. परंतु करारावर सही करून तुम्ही स्वतः नोकरी संपवण्यास हातभार लावला, असे धरले जाते आणि तीच १२ आठवड्यांची बंदी लागू होऊ शकते. नोकरी संपणार हे कळल्यावर रोजगार कार्यालयात नोंदणीही वेळेत करावी लागते. शेवटच्या दिवसाच्या तीन महिने आधी, आणि तेवढा अवधी नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत ती करायची असते. उशीर झाला तर आणखी एक आठवड्याची बंदी येते. आजारपणामुळे काम सोडायचे असेल तर डॉक्टरांचा तसा सल्ला राजीनाम्याच्या आधीच्या तारखेचा असावा. नंतर मिळवलेल्या प्रमाणपत्राने पूर्वीची परिस्थिती पटवणे अवघड जाते.

रानवारा :

मध्यरेषा यांनी मांडलेला रद्द होणे आणि पुढे ढकलले जाणे यांतला भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तळटीप, तुमच्या शंकेचे माझे उत्तरही तेच आहे. स्वतःहून सोडणाऱ्याला काहीच परिणाम भोगावा लागू नये, असे मी म्हणत नाही. परंतु हक्क समूळ काढून घेतला की माणूस छळ सोसत जागेवर बसून राहतो, आणि त्याला छळणाऱ्याला हे नेमके ठाऊक असते. जपानने या बाबतीत अलीकडे हळूहळू दिशा बदलली आहे. तेथे स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला सात दिवसांच्या सर्वसाधारण प्रतीक्षेनंतर आणखी तीन महिने थांबावे लागत असे. ऑक्टोबर २०२० पासून ही मुदत दोन महिन्यांवर आली आणि एप्रिल २०२५ पासून एका महिन्यावर. वारंवार नोकऱ्या सोडणाऱ्यांसाठी मात्र तीन महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. तळटीप यांना वाटणारी भीती आणि नाइलाजाने बाहेर पडणाऱ्याची गरज, या दोहोंची दखल एकाच नियमात घेता येते, हे यावरून दिसते.

फ्रान्सने आणखी वेगळा मार्ग काढला आहे. जोडीदाराच्या नोकरीनिमित्त स्थलांतर, थकलेला पगार, घरगुती हिंसाचार अशा काही कारणांनी दिलेला राजीनामा तेथे रास्त मानून भत्ता दिला जातो. त्याशिवाय नोव्हेंबर २०१९ पासून, सलग पाच वर्षे नोकरी केलेल्या व्यक्तीने नवा व्यवसाय शिकण्याची किंवा सुरू करण्याची खरीखुरी योजना आधी तपासून घेतली असेल, तर तिलाही राजीनाम्यानंतर भत्ता मिळू शकतो. यातला क्रम महत्त्वाचा आहे. योजनेबाबत सल्ला घेण्याची प्रक्रिया राजीनाम्याच्या आधी सुरू व्हावी लागते, आधी राजीनामा देऊन मागाहून योजना दाखवता येत नाही.

ओलावा :

भारतात अशी काही सोय आहे का? माझा धाकटा भाऊ एका कारखान्यात कामाला आहे. कपात होणार असल्याची चर्चा आहे आणि कामगारांकडून राजीनामे लिहून घेतले जात आहेत. त्याला काय सांगावे, ते कळत नाही.

शिलालेख :

ओलावा, तुमच्या भावाला सर्वप्रथम हे सांगा की राजीनाम्यावर सही करण्याची घाई करू नये. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू आहे. तिच्यात आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. सुरुवातीला तो सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के होता. नंतर तो मार्च २०२० पासून ५० टक्के करण्यात आला. त्याच वेळी अटीही शिथिल झाल्या. किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी, बेकारीच्या लगतपूर्वीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि बेकारीआधीच्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालखंडांपैकी एकात तेवढीच वर्गणी, असे त्यांचे स्वरूप झाले. नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी दावा करता येतो आणि त्यासाठी मालकाच्या मध्यस्थीची गरज उरलेली नाही. ही योजना ठरावीक मुदतीची असून तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली गेली आहे, म्हणून दावा करण्याआधी ती चालू असल्याची खात्री महामंडळाच्या शाखेतून करून घ्यावी.

परंतु ही बेकारी गैरवर्तनाबद्दलच्या शिक्षेमुळे, सेवानिवृत्तीमुळे किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे आलेली नसावी, अशी अट आहे. कॅनडासारखी मान्य कारणांची तपशीलवार यादी येथे नाही, त्यामुळे आपला राजीनामा कसा नाइलाजाचा होता हे पटवून देण्यासाठी कामगाराच्या हातात फारसे काही राहत नाही. शिवाय मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांनाच या विम्याचे सर्वसाधारण छत्र आहे, म्हणजे कार्यालयीन नोकरदारांचा मोठा वर्ग त्याच्या बाहेर आहे.

तुमच्या भावाच्या बाबतीत या भत्त्याहून मोठी रक्कम पणाला लागलेली असू शकते. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात केली, तर मालकाने त्याला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देणे कायद्याने बंधनकारक आहे. राजीनामा दिला की कागदोपत्री ती कपात उरत नाही आणि भरपाईचा हक्कही जातो. कपात करायची असताना राजीनामे लिहून घेण्यामागे हाच हिशेब असतो. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. सलग पाच वर्षांची सेवा झाली असेल तर ती कपात झाली तरी आणि राजीनामा दिला तरी मिळते, म्हणून राजीनामा दिला नाहीत तर ग्रॅच्युइटी बुडेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. सर्व कामगारांनी मिळून संघटनेकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी, आणि ती आत्ता, सह्या होण्याआधी करावी.

ओलावा :

मनापासून आभार. आजच त्याच्याशी बोलते.

पानगळ :

शिलालेख, तुमच्या उत्तरामुळे मोठा दिलासा मिळाला. आणखी दोन गोष्टी विचारते. राजीनाम्याच्या पत्रात नेमके काय लिहावे? आमच्याकडे सर्वजण वैयक्तिक कारणांमुळे नोकरी सोडत आहे, एवढेच लिहितात. आणि पतीला पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे असले तरी घर आवरण्यासाठी मी आत्ताच नोकरी सोडली तर चालेल का?

शिलालेख :

वैयक्तिक कारणे एवढाच उल्लेख सौजन्याचा वाटतो, परंतु पुढे तो अर्जदाराला महागात पडतो. मालकाने कार्यालयाकडे तेच कारण कळवले की तुम्ही सांगत असलेले कारण मागाहून सुचलेले आहे, असा संशय घ्यायला जागा मिळते. खरे कारण एका वाक्यात लिहावे. पतीची अमुक तारखेपासून टेक्सासला बदली झाल्यामुळे आणि तेथून रोज कामावर येणे शक्य नसल्यामुळे मी अमुक तारखेपासून नोकरी सोडत आहे, एवढे पुरे आहे. त्याआधी घरून काम करण्याची परवानगी किंवा टेक्सासमधील एखाद्या शाखेत बदली मिळेल का, हे लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. परवानगी मिळाली तर नोकरीच टिकते, आणि नाही मिळाली तर नोकरी टिकवण्याचा प्रयत्न केल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो. यात एक अक्षरही खोटे असू नये. खोटी माहिती देऊन घेतलेला भत्ता परत करावा लागतो आणि केंद्रीय कायद्यानुसार त्यावर किमान १५ टक्के दंडही बसतो.

आत्ताच नोकरी सोडू नका. नोकरी सोडण्याचा दिवस आणि प्रत्यक्ष स्थलांतराचा दिवस यांत आवरासावरीला लागेल तेवढेच अंतर ठेवा. ते महिनाभराचे झाले, तर त्या महिन्यात काम का केले नाही हा प्रश्न येईल, आणि त्याला पतीची बदली हे उत्तर पुरणार नाही. टेक्सासला पोहोचल्यावर लगेच काम शोधायला सुरुवात करा, कोठे कोठे अर्ज केले याची तारखेसह नोंद ठेवा, आणि त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियाकडे दावा दाखल करा. पतीच्या बदलीचे पत्र, नव्या घराचा भाडेकरार आणि मालकाशी झालेला ईमेल व्यवहार जवळ असू द्या; अधिकाऱ्याचा फोन येतो तेव्हा तो प्रामुख्याने तारखा विचारतो.

पानगळ :

समजले. मग आधी घरून काम करण्याविषयीचा ईमेल पाठवते आणि त्याचे उत्तर येईपर्यंत राजीनाम्याचे पत्र लिहीत नाही.